आपाचं गुलाबी पाणी आणि माझी कर्दळ

मला झाडांतलं कळतं. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर जन्म जायचा. शहरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरीभर परीक्षानळ्या धुतल्या, कुंड्यांना पाणी घातलं आणि पोरांनी फोडलेल्या काचा वेचल्या. निवृत्त झाले आणि दौलताबादच्या रस्त्याला, किल्ला दिसायला लागतो त्याच्या जरा अलीकडं, वडिलांच्या वाटणीतल्या तुकड्यावर फुलझाडांची नर्सरी टाकली. गाव म्हणालं, बाईला घरी बसवत नाही. खरंच बसवत नव्हतं, मग काय खोटं बोलू?

माझ्या कुंपणाला लागून आपाची रंगाईची शेड. आपा म्हणजे माझ्याच वयाची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जुन्या शहरातून जागा कमी पडली म्हणून इकडं आलेली. शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातली कापडाची दुकानं तिला पांढरे दुपट्टे पाठवतात. सोबत गिऱ्हाईकाच्या कुर्त्याची बोटभर चिंधी. आपानं त्या चिंधीसारखा दुपट्टा रंगवायचा. चिंधी हातात आली की ती शेडच्या दारात उन्हात धरायची, एक डोळा मिटायचा, आणि "हौ, होता" म्हणायचं, म्हणजे हो, जमतंय. हे ती म्हणाली की रंग जुळलाच. आजवर एकही दुपट्टा परत आलेला मी पाहिला नाही.

तिचं आणखी एक होतं. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं की त्यात करंगळी बुडवून ती जिभेला लावायची. सासऱ्यांकडून शिकलेली रीत. ते फेटे रंगवायचे आणि ते पण चाखायचे.

"अगं बाई, विष आहे ते!" मी पहिल्यांदा किंचाळले होते.

"तीस बरस से चाट री. मरी क्या?" ती म्हणाली आणि पुढच्या पातेल्याकडं वळली.

तिचे हात कधी हाताच्या रंगाचे पाहिले नाहीत मी. आज हिरवे, उद्या जांभळे, नखांच्या कडांना सगळे मिळून काळपट. रोज अकराला आमचा चहा. शेडच्या दाराशी खडेमिठाची पोती रचलेली असत, तीच आमची बैठक. एकावर ती, एकावर मी. तिच्या हाताखालच्या दोघी बायका आतून आम्हाला टोमणे मारायच्या, की या दोघींचा चहा संपेपर्यंत दुपट्टे वाळून जुने होतील.

पाणी मात्र जायचं ते शेडमागच्या चारीत. चारी उतरत उतरत तात्यांच्या पेरूच्या बागेकडं जायची. तात्या म्हणजे खालच्या अंगाचे शेतकरी, पेरूवर जीव. हे मला दिसत होतं का? दिसत होतं. मी कधी बोलले का? नाही. मैत्रिणीच्या घराची मोरी कुठं जाते हे आपण विचारत नाही, तसंच झालं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तात्या उठले आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीत पाणी, गर्द गुलाबी.

"हे माझ्या झाडाच्या बुडाशी येतंय," ते म्हणाले. "आज गुलाबी, काल निळं व्हतं. मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला आलो नाय. पण माझ्या झाडानं काय प्यायचं?"

"आतून गुलाबी पेरू तर लोक मागून घेतात, तात्या!" मागून कोणी तरी ओरडलं आणि सभा हसली. तात्या हसले नाहीत. मग हळूहळू कोणीच हसलं नाही.

ठराव झाला. एक मेच्या ग्रामसभेपर्यंत रंगाचं पाणी थांबलं नाही, तर पंचायत शेडचा ना-हरकत दाखला काढून घेणार. म्हणजे शेड बंद. तात्यांनी तक्रार मागं घेतली तरच दाखला राहणार. आपा बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती, हात ओढणीखाली घेतलेले.

मग मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. "पाणी मी साफ करून देते," मी म्हणाले. "झाडांनी."

"झाडांनी?" सरपंच म्हणाले.

"झाडांनी. कर्दळ, झेंडू, ऑफिस टाइम. तुमच्या अंगणात असतात तीच."

आता खरं हसू फुटलं सभेला. हसा म्हटलं. ज्यांनी आयुष्यात तुळशीपलीकडं काही लावलं नाही ती माणसं मला हसणार!

माझ्या डोक्यात ते उगीच आलं नव्हतं. कॉलेजात आमच्या एका मॅडमनी प्रयोग केला होता. काचेच्या बरण्यांत कापडाच्या रंगाची पूड पाण्यात कालवायची आणि त्यात झेंडूचं रोप मुळांसकट उभं करायचं. काही दिवसांत बरणीतलं पाणी फिकं व्हायचं, मग नितळ. झाड मुळांनी रंग ओढतं, मोडतं, पचवतं, असं मॅडम सांगायच्या. बरण्या भरायची मी, रोपं लावायची मी, रोज पाण्याचा रंग वहीत लिहायची मी. प्रयोग मॅडमचा, हात माझे. तेव्हा मला काय वाटलं असेल ते सांगायलाच नको. आपल्या दारातला झेंडू, ज्याला आपण दसऱ्यानंतर उकिरड्यावर फेकतो, तो हे करतो!

सभेहून परतताना आपा चालता चालता थांबली. हैदराबादला तिचा मुलगा आहे, चांगला आहे, आईला बोलावतो. "जाके क्या करूँ बाई? टीव्ही देखूँ?" तिनं ओढणीतून हात बाहेर काढले. उजवा हात कोपरापर्यंत पिवळा होता. "ये हाथ सफेद पड़ गए ना, तो समझ लेना मैं गई."

"काही सफेद होत नाहीत," मी म्हणाले. "मी आहे ना."

कामाला लागलो. शेडमागं उतारावर विटांची तीन टाकी बांधली, एकाखाली एक, गुडघाभर खोल. तळाला खडी, वर वाळू. पहिल्या टाक्यात कर्दळ, दुसऱ्यात झेंडू, तिसऱ्यात ऑफिस टाइम, म्हणजे ती दहाच्या सुमाराला उमलून दुपारी मिटणारी नाजूक फुलं. रोपं माझ्या नर्सरीतली, न विकलेली, कुंडीत तटतटलेली. रंगाचं पाणी वरून सोडायचं, प्रत्येक टाक्यात मुक्काम करायला लावायचा, मग पुढं. आपाच्या बायका पाटीनं खडी वाहत होत्या आणि मी काठावर उभी राहून हुकूम सोडत होते. शेजारी पाटी लावली, "इथली पाने जनावरांना घालू नये." रंग पचवलेली पानं शेळीच्या पोटात नकोत, एवढं मला कळत होतं.

मार्चच्या मध्यावर तिसऱ्या टाक्यातून पाणी बाहेर आलं. नितळ. मी ते काचेच्या ग्लासात धरलं, उन्हात धरलं, आपासारखा एक डोळा मिटून पाहिलं. पलीकडचं कुंपण स्वच्छ दिसत होतं. मी अशी काही ओरडले की दोघी बायका पातेली सोडून धावत आल्या.

मग काय, माझा रुबाब विचारू नका. बाटली भरून गावभर फिरले. सरपंचांना दाखवली, दूधवाल्याला दाखवली, जो हसला होता त्याला तर मुद्दाम घरी जाऊन दाखवली. शेवटी तात्यांकडं गेले.

"रामराम तात्या. बघा."

"जयभीम ताई." त्यांनी बाटली हलवली, वास घेतला. "साफ दिसतंय की. झाडाला चालंल?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला थांबायची सवय नाही. "सोडा बिनधास्त," मी म्हणाले. "एक ओळ भिजवून बघा. मी सांगते ना!"

तात्यांनी माझ्या शब्दावर वरची एक ओळ त्या पाण्यावर घेतली.

एप्रिलमध्ये कर्दळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी तपकिरी रेघ, मग अर्धं पान कागदासारखं. झेंडूनं माना टाकल्या. मी म्हटलं ऊन आहे, सावलीची जाळी बांधली. मी म्हटलं मुळाला बुरशी आहे, औषध घातलं. मी म्हटलं आपानं कुठला तरी नवा रंग आणला आहे, आणि तिच्याशी भांडले, चांगली सणसणीत भांडले. तिसऱ्या टाक्यातलं ऑफिस टाइम तेवढं मजेत फुललं होतं, लाल, पिवळं, शेंदरी. ते का मजेत आहे हे मी स्वतःला विचारलं नाही. ते फक्त माझ्या बाजूनं आहे असं मला वाटलं.

मग तात्यांचा निरोप आला की वरच्या ओळीतल्या तीन झाडांची पानं जळाली. त्यातलं एक तर उभं वाळलं.

त्या दिवशी अकराचा चहा झाला नाही. मी तिसऱ्या टाक्याच्या काठावर ग्लास धरून बसले होते. पाणी तसंच, नितळ. आपा आली, आमचं बोलणं बंद होतं तरी आली. माझ्या हातातल्या ग्लासात तिनं करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली.

"आपा!" मी ओरडले.

तिनं तोंड वाकडं केलं. "बाई, ये तो पूरा खारा है."

"काय?"

"नमक. पूरा नमक है इसमें." तिनं दाराशी रचलेल्या पोत्यांकडं बोट केलं. "रंग को पकड़ने कू डालते ना. पातेले में ओंजळ ओंजळ डालते. वो जाएगा किदर?"

मी त्या पोत्यांकडं बघत राहिले. किती वर्षं बसले होते मी त्यांच्यावर! त्यांच्यावर बसून चहा प्याले होते, पाय हलवत झाडांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. पोती येतात, फुटतात, रिकामी होतात, नवी येतात, हे डोळ्यांसमोर घडत होतं. पण कॉलेजातल्या बरणीत फक्त रंगाची पूड होती आणि नळाचं पाणी. तिथं कोणी मीठ घातलं नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यात मीठ आलंच नाही. झाडांनी बिचाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. रंग खाल्ला होता. मीठ त्यांना खाता येत नाही, ते पाण्यात तसंच पुढं गेलं, कर्दळीला जाळत, झेंडूला जाळत, तात्यांच्या पेरूपर्यंत. ऑफिस टाइमला खारं सोसतं म्हणून ते तेवढं हसत होतं.

"मग तू आधी का नाही बोललीस?" माझा आवाज चढला.

"नमक तो सब खाते बाई," आपा म्हणाली. "उसकू कौन घाण समझेगा? तू रंग निकालने कू बोली, मैं रंग देखी."

तिनं जिभेनं एका घटकेत सांगितलं ते मला महिनाभर डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

तात्यांकडं जायला माझे पाय निघेनात. खरं सांगते, एक क्षण मनात आलं की ऊन लागलं म्हणावं. त्यांना काय कळणार आहे? मग स्वतःचीच किळस आली. गेले. ते वाळलेल्या झाडाजवळ उभे होते, सालीवर हात ठेवून.

"तात्या, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आपाची नाही. पाण्यात मीठ होतं आणि मी न तपासता सोडा म्हणाले. शेड बंद करायची असेल तर आधी माझी नर्सरी बंद करा."

"हे झाड माझ्या बायकोनं लावलं व्हतं," ते म्हणाले. "लई बोलता ताई तुम्ही. जरा कमी बोलत जावा."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नवी रोपं देते," मी पुटपुटले.

"तुमच्या हातची नकोत. एक मेला बघू. तवर त्या शेडमधून थेंब खाली येता कामा नाय."

थेंब नाही म्हणजे रंगाईच नाही. ऐन लग्नसराईत आपानं शेडला कुलूप घातलं. औरंगपुऱ्यातून फोनवर फोन, आणि ही प्रत्येकाला "तबियत खराब है" सांगते. आम्ही तेवढ्या दिवसांत सगळं उपसलं. मी टाक्यांमधली वाळू गोड्या पाण्यानं धुऊन काढली, मेलेली रोपं काढली, नवी लावली. आणि या वेळी हुकूम सोडले नाहीत, आपाला विचारलं की कुठल्या पाण्यात किती मीठ असतं, ते आधी सांग.

तिनं बोटांवर सांगितलं. मीठ पहिल्या पाण्यात, ज्यात रंग चढतो. नंतर दुपट्टा चार वेळा धुतात, त्या पाण्यात रंग असतो पण मीठ नावापुरतं. मग उघडच होतं! पहिलं पाणी झाडांकडं जाऊच द्यायचं नाही. त्यासाठी उथळ, रुंद टाकं केलं, तळाला काळं प्लास्टिक. आपलं ऊन कशासाठी आहे? त्यातलं पाणी आमच्या एप्रिलच्या उन्हात परातीतल्या दुधासारखं आटतं आणि तळाला रंगीत मीठ उरतं. ते मीठ आपा काळ्या रंगाला परत वापरणार, कारण काळ्याला मिठाचा रंग कोण विचारतो! सासरे तसंच करायचे, एका पाण्यात फिक्यापासून गडदपर्यंत जायचे, हेही तिला तेव्हाच आठवलं. धुण्याचं पाणी तेवढं झाडांना.

मी औरंगपुऱ्यात जाऊन पाण्याचा क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर आणलं, फिल्टरवाले वापरतात ते. म्हटलं आता जीभ बंद. आपानं मीटरकडं पाहिलं, मग दोघी बायकांकडून सात वाट्यांत कमीजास्त मिठाचं पाणी कालवून घेतलं, चाखलं आणि मीटर लावायच्या आधी कमी खाऱ्यापासून जास्त खाऱ्यापर्यंत ओळीनं मांडून दाखवलं. मीटरनं एकही वाटी हलवली नाही.

"बेच डाल इसकू," ती म्हणाली.

एकदा दुपारी मी खडी निवडत होते आणि ती शेजारी रोपं देत होती. माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. पांढरे पडले होते. नखांच्या कडासुद्धा. बिनरंगाचे, सुरकुतलेले, एका साध्या म्हाताऱ्या बाईचे हात. तिनं माझी नजर पाहिली आणि हात मातीत खुपसले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. "होईल गं," मी म्हणाले. या वेळी "मी आहे ना" म्हणायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या चार दिवसांत तात्यांना सांगून आम्ही थोडे दुपट्टे रंगवले. हात लावायला दोघी बायकाच होत्या, आपा नुसती बाजूला उभी. "फैसला होने दे," म्हणाली. धुण्याचं पाणी टाक्यांत सोडलं आणि शेवटच्या टाक्याचं तोंड बंद करून ठेवलं.

एक मेला झेंडावंदन झालं आणि अख्खी ग्रामसभा आमच्या टाक्यांवर आली. वरच्या टाक्यात पाणी गुलाबी, कर्दळीची पानं हिरवीगार. तिसऱ्याचं तोंड मी उघडलं. तात्या पुढं आले. खांद्यावरचं पांढरं उपरणं त्यांनी त्या धारेखाली धरलं, पिळलं आणि कुंपणावर पसरलं. आम्ही सगळे ते वाळायची वाट बघत उभे. मला इतकं गप्प राहिलेलं कोणी कधी पाहिलं नसेल. उपरणं वाळलं, पांढरंच वाळलं.

मग तात्यांनी करंगळी धारेखाली धरली आणि जिभेवर ठेवली. मी आपाकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"नाय," तात्या म्हणाले. "मीठ नाय."

सरपंचांनी विचारलं, "मग तक्रारीचं काय लिहू?"

तात्या उपरणं खांद्यावर टाकून घराकडं चालू लागले. सभा कुजबुजायला लागली, सरपंच पेन धरून उभे. मी आपाला धरून मिठाच्या पोत्यावर बसवलं आणि शेजारच्या पोत्यावर मीही बसले.

तात्या परत आले ते पिशवी घेऊन. त्यांनी आतून एक गठ्ठा काढला, पांढरं फेट्याचं कापड, आणि आपाच्या मांडीवर ठेवला.

"धाकटीचं लग्न हाय या महिन्यात," ते म्हणाले. "फेटे रंगवून देता का? गुलाबी पायजेत."

आपानं मान वर केली. बोलली ती कामाचंच. "नमुना दिखाओ. गुलाबी बहुत किसम का होता."

तात्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला आणि सव्वीस जानेवारीची ती बाटली काढली. पुरावा म्हणून त्यांनी ती कपाटात जपून ठेवली होती. झाकण तसंच, पाणी तसंच, गर्द गुलाबी.

"ह्योच," ते म्हणाले.

सरपंचांनी पेन चालवलं. आपानं बाटली दारात नेली, उन्हात धरली, एक डोळा मिटला. मिटलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, पण ती बाटलीच बघत होती.

"हौ," ती म्हणाली. "होता."

मग ती आत गेली, चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं आणि बाहेर आली. मी अजून तिथंच बसून डोळे पुसत होते.

"उठ बाई," आपा म्हणाली, "नमक पे बैठी तू."